आवाज घट्ट, तरी नैसर्गिक

स्तंभ : जमेची बाजू



या स्तंभात आपण बहुधा ठेवी, विमा, वारसनोंद, मुलांच्या शिक्षणाची तरतूद अशा विषयांचा विचार करतो. आजचा विषय वरकरणी त्यांहून निराळा वाटेल. पण अखेरीस तोही घरातल्या माणसांचा आणि घरातल्या पैशाचाच आहे. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी खोलीचे दार लावून इलेक्ट्रिक गिटार वाजवत बसली आहे, हे दृश्य आता आपल्या व्यापारी कुटुंबांतही नवे राहिलेले नाही. ही मुले आपले वादन संगणकावर ध्वनिमुद्रित करतात, पुन्हा पुन्हा ऐकतात आणि नाराज होतात. आवाज जाड होतो, पण घट्ट होत नाही. घट्ट करायला जावे तर तो यंत्रासारखा निर्जीव होतो. मग नव्या उपकरणाचा आग्रह सुरू होतो. वडिलांना मुळात हे संगीतच वाटत नसते. ते एक तर सरळ नकार देतात, नाही तर घरात शांतता राहावी म्हणून पैसे देऊन मोकळे होतात. दोन्ही निर्णय माहितीवाचून घेतलेले असतात. ती माहिती सोप्या शब्दांत मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हे संगीत आले कोठून?

ज्याला ‘हेवी मेटल’ किंवा नुसते ‘मेटल’ म्हणतात, त्याचा उगम श्रीमंतांच्या दिवाणखान्यात झालेला नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा १९६५ साली यंत्रात सापडला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचाच हात जायबंदी झाला. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे तयार केली, हलक्या तारा वापरल्या आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून गिटारचा सूरच खाली उतरवला. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या चमूची पहिली ध्वनिमुद्रिका १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झाली. तिचे मुद्रण जेमतेम एका दिवसात उरकलेले होते. आज ज्या जड, खर्जातल्या नादामागे आपली मुले धावतात, त्याच्या मुळाशी एका कामगाराची ही जिद्द आहे.

महाराष्ट्रात या संगीताचे घर म्हणजे मुंबई. १९८६ साली तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावचे रंगभवन अनेक वर्षे या श्रोत्यांचे माहेरघर ठरले. साहिल मखीजा यांनी २००० साली मुंबईत ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा चमू स्थापन केला. नावावरून पालक दचकतील. पण याच चमूच्या २०१७ सालच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘दशावतार’ असून तिच्यातील रचना मत्स्य, कूर्म, वराह अशा अवतारक्रमाने बांधलेल्या आहेत. घरच्या खोलीतून किती दूर जाता येते, याचे उदाहरण दिल्लीचे आहे. केशव धर यांनी घरी एकट्याने सुरू केलेल्या ‘स्कायहार्बर’ची पहिली ध्वनिमुद्रिका २०१२ साली इंग्लंडमधील कंपनीने काढली. तिच्या मोठ्या भागासाठी गाणारा गायक डॅनियल टॉम्पकिन्स इंग्लंडमध्येच राहणारा होता.

जवारी, तारपा आणि गिटार

या गिटारचा ‘घरघर’ आवाज, ज्याला ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात, तो बिघाड नव्हे. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा अधिक जोराचा संकेत दिला की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. छाटलेल्या लहरींत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर जागे होतात. आपल्या कानांना हे अपरिचित नाही. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात, तीही उपस्वर खुलवण्यासाठीच. मिरजेच्या ज्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागिरांचे मोठे कौशल्य या जवारीतच असते. दोरा योग्य जागी असेल तर तानपुरा बोलतो. केसभर चुकला तर नुसता झणझणतो.

आमच्या डहाणू तालुक्यातील गंजाडकरांना तर आणखी जवळचे उदाहरण आहे. पद्मश्री जिव्या सोमा मशे यांचे हे गाव. त्यांच्या वारली चित्रांतला तारपावादक आणि त्याच्याभोवतीचा फेर जगभर पोहोचला. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पाने यांतून निघणारा तारप्याचा भरदार, किंचित खरखरीत नाद ज्याने ऐकला आहे, त्याला ‘खरखर असूनही गोड’ म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. घट्ट तरी नैसर्गिक गिटार म्हणजे नेमके हेच.

मग घरी बिघडते कोठे? यामागे तीन कारणे असतात. पहिले असे, की डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबते आणि लहान आवाज वर आणते. त्यामुळे बोटांचे घासणे, न वाजवलेल्या तारेचा गुंजारव, विजेची घूं-घूं हे सारे मुख्य स्वराच्या बरोबरीला येऊन बसते.

दुसरे कारण स्वरांच्या बेरीज-वजाबाकीचे. दोन स्वर एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या कंपनसंख्यांच्या फरकाचाही एक स्वर उमटतो. नेहमीच्या पद्धतीने लावलेल्या गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते; तिचा पंचम सुमारे १२३ वर. फरक ४१, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. म्हणून या संगीतात षड्ज-पंचमाची जोडी इतकी चालते आणि भक्कम लागते. त्यात गंधार मिसळला की फरकाचे नको ते स्वर खर्जात जमतात आणि चिखल होतो.

तिसरे कारण वेळेचे. मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली आणि प्रत्येक ठोक्यात चार आघात केले, तर सेकंदाला १२ आघात होतात. एका आघाताच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिसेकंद येतात आणि ८२ हर्ट्झची तार तेवढ्या अवधीत जेमतेम सात आंदोलने पुरी करते. मागच्या आघाताचा खर्ज वेळेवर थांबला नाही, तर पुढचा आघात त्याच्यातच बुडतो. तेव्हा घट्टपणा म्हणजे आवाज वाढवणे नव्हे. प्रत्येक आवाज वेळेवर थांबवणे होय.

गंजाडच्या घरातली वही

माझ्या पुतण्याचे गंजाडला किराणा व कापडाचे दुकान आहे. खाली दुकान, वर घर. त्याचा मुलगा वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला. गेल्या पावसाळ्यात त्याने महागड्या ॲम्प्लिफायरसाठी हप्त्यांवर कर्ज काढण्याची गोष्ट काढली. बापलेकांत बोलणे असे उरलेच नव्हते. “जेवायला चल” आणि “दार लाव” एवढेच. पुतण्याने मला विचारले, “काका, तुम्ही आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेत. हा अर्ज मंजूर करण्याजोगा आहे का, तेवढे सांगा.” मी म्हटले, मंजुरीआधी तपासणी होते. तीन आठवडे वही ठेवू. नियम दोनच. एका वेळी एकच बदल करायचा. आणि आधीचा व नंतरचा आवाज सारख्याच पातळीवर ऐकायचा, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि माणूस फसतो.

पहिली नोंद तारांची. डहाणूच्या दमट हवेत तारा गंजतात, त्यांची चमक जाते आणि सूरही ठाम राहत नाही. नातवाने सूर बराच खाली उतरवला होता, पण तारा मात्र साध्या संचाच्या, सर्वांत जाड तार ०.०४६ इंचाची. खालच्या सुराला ती सैल पडे आणि प्रत्येक आघाताला सूर क्षणभर वर उडून खाली येई. ०.०५४ इंचाची नवी तार चढवली, वरच्या पडद्यांवर सूर जुळतो की नाही हे पाहून घोडी नीट लावून घेतली आणि निम्मा विस्कळीतपणा तिथेच गेला.

दुसरी नोंद हातांची. उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून आघात करायचा. ती फार पुढे सरकली तर स्वर मरतो, फार मागे राहिली तर तार मोकळी घुमते. डाव्या हाताच्या रिकाम्या बोटांनी न लागणाऱ्या तारा झाकून ठेवायच्या. हे उपकरणाने होत नाही, रियाजानेच होते. रोज वीस मिनिटे संथ लयीत मेट्रोनोमवर वाजवणे हा त्यावरचा उपाय.

तिसरी नोंद ‘गेन’ची. डिस्टॉर्शनचे प्रमाण ठरवणारे हे बटण नातू आठवर ठेवी; ते पाचवर आणले. सुरुवातीला त्याला आवाज दुबळा वाटला. उधारीवरचा माल खपला की विक्री मोठी दिसते, तसेच गेनचे आहे: भरल्यासारखे वाटते, पण आघाताची धार त्यातच बुडते. धार परत आली आणि उणीव भासली ती पुढच्या नोंदींनी भरून काढली.

चौथी नोंद अशी, की डिस्टॉर्शनच्या आधीच खर्ज थोडा छाटावा. आयबानेझ कंपनीचे ‘ट्यूब स्क्रीमर’ हे हिरवे पेडल मेटल वादक याचसाठी ॲम्प्लिफायरच्या पुढे लावतात. त्याचे डिस्टॉर्शनचे बटण जवळजवळ शून्यावर आणि पातळीचे बटण वर. संगणकावर तेच काम सॉफ्टवेअर करते. डिस्टॉर्शन होऊन गेल्यावर चिखल उपसत बसण्यापेक्षा तो होऊच न देणे बरे.

पाचवी नोंद सर्वांत महत्त्वाची. एकच रचना दोनदा स्वतंत्रपणे वाजवावी. एक डाव्या कानाकडे, दुसरी उजव्या कानाकडे ठेवावी. नातू आळसाने एकाच वादनाची नक्कल दुसऱ्या बाजूला चिकटवीत असे. आपण व्यापारी मंडळी जमा-नावे जाणतो: एका बाजूचा आकडा पाहून दुसरी बाजू लिहिली, तर तो ताळा नव्हे. नक्कल चिकटवली की दोन्ही कानांना तंतोतंत तेच ऐकू येते आणि आवाज मधोमध बसतो, रुंद होत नाही. दोन खऱ्या वादनांत काही मिलिसेकंदांचे, आघाताच्या बळाचे बारीक फरक असतात. तेच आवाजाला रुंदी देतात. फरक फार मोठे असतील, तर मात्र दोन माणसे अडखळत चालल्यासारखे वाटते. म्हणजे घट्टपणा आणि नैसर्गिकपणा दोन्ही येथेच ठरतात.

सहावी नोंद स्पीकरची. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झच्या वरचे आवाज झपाट्याने गाळतो. तो टप्पा वगळून सरळ संगणकात घेतलेले डिस्टॉर्शन गांधीलमाशीसारखे वाजते. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या स्पीकरच्या आणि माईकच्या नादाचा ठसा असलेली छोटी फाइल, जिला ‘आयआर’ म्हणतात, ती जोडावी. घरात खरा ॲम्प्लिफायर असेल, तर शुअर कंपनीचा १९६५ पासून चालत आलेला ‘एसएम ५७’ माईक स्पीकरच्या जाळीजवळ ठेवतात. स्पीकरच्या मध्यभागी आवाज धारदार, कडेकडे मवाळ. माईक दोन-तीन सेंटिमीटर सरकवण्याने जे साधते, ते नंतर बटणे फिरवून साधत नाही.

सातवी नोंद बेस गिटारच्या वाट्याची. तिची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते. तेव्हा गिटारमधून साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून तो बेसच्या ताब्यात द्यावा. वरचा टोचरा भाग ८,००० ते १०,००० हर्ट्झपासून हलकेच उतरवावा. मधला पट्टा मात्र कापू नये. एकट्याने ऐकताना मधला पट्टा काढलेली गिटार भारदस्त वाटते, पण ढोल आणि गळा आला की ती नाहीशी होते. ‘मेटॅलिका’ या जगप्रसिद्ध चमूच्या १९८८ सालच्या ध्वनिमुद्रिकेत बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, ही तक्रार आजही होते. एकाचा वाटा दुसऱ्याने खाल्ला की कोठेही असेच व्हायचे.

तीन आठवड्यांनी पुतण्याला पहिल्या दिवसाचे आणि शेवटच्या दिवसाचे मुद्रण सारख्या पातळीवर ऐकवले. संगीत त्याला तेव्हाही आवडले नाही. पण तो म्हणाला, “पहिल्यात नुसता कल्ला आहे. दुसऱ्यात काय वाजवतोय ते मोजता येते.” कर्जाचा विषय नातवानेच मागे घेतला. वहीत एकूण खर्च निघाला तो दोन संच तारा, एक जाड पिक आणि घोडी लावून घेण्याच्या मजुरीचा.

नैसर्गिकपणा कसा टिकवावा

संगणकात प्रत्येक आघात नेमक्या रेघेवर सरकवता येतो. ढोबळ चूक असेल तेथे हे करावे. प्रत्येक ठिकाणी केले तर वादन टाईपरायटरसारखे होते. दोन ओळी पुन्हा वाजवणे हे दोनशे तुकडे सरकवण्यापेक्षा बहुधा लवकर होते आणि अधिक चांगले वाटते. मधल्या विरामांतला खरखराट तोडणारे ‘नॉइज गेट’ही फार कडक ठेवू नये, स्वराची शेपटी कापली जाते आणि श्वास कोंडल्यासारखे वाटते. डिस्टॉर्शनने आवाज आधीच दाबलेला असतो, त्यावर आणखी दाब देण्याचे बहुधा कारण नसते. मुद्रण करताना पातळी कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली शिखर येईल इतकी ठेवावी. वर जागा राखण्यात काहीच तोटा नाही.

घर, वीज आणि शेजार

माईक वापरणाऱ्यांनी रिकाम्या, गुळगुळीत भिंतींची खोली टाळावी. कापडाच्या दुकानदारांना येथे एक नैसर्गिक सोय आहे. ताग्यांनी भरलेली फडताळे आणि जाड गाद्या उंच स्वरांचा प्रतिध्वनी उत्तम शोषतात. खर्ज मात्र कापडाने फारसा आवरत नाही, त्याला मोठी जाडी लागते. म्हणून स्पीकर कोपऱ्यात ठेवू नये. पावसात पत्र्याखाली माईक लावणे निरर्थक, तेव्हा गिटार सरळ संगणकात घ्यावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिची घूं-घूं गिटारच्या साध्या पिकअपमध्ये सहज शिरते. दोन वेटोळ्यांचा ‘हमबकर’ पिकअप ती बरीच काढून टाकतो. उरलेल्यासाठी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, ते एरवीही आवश्यकच आहे.

आणखी एक सोय आमच्या गंजाडच्या घरात सर्वांना पटली. इलेक्ट्रिक गिटार हेडफोनवर पूर्ण वाजवता येते. शेजारच्या खोलीत तारांची किणकिणही जेमतेम पोहोचते. आजींचे सामायिक ४८ मिनिटांचे. तेवढ्या वेळात नातवाची एक संपूर्ण बैठक होते आणि दोघांनाही एकमेकांचा त्रास नाही. हेडफोनचा आवाज मात्र बेताचा असावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. स्पीकर लावून वाजवायचे असेल, तर निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा कायद्याचा दंडक ध्यानात ठेवावा.

खर्चाचा क्रम

पालकांनी पैसे देताना क्रम असा धरावा. आधी तारा आणि गिटारची लावणी. मग बरा हेडफोन. मग गिटार संगणकाला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस. सर्वांत शेवटी नवी गिटार वा ॲम्प्लिफायर. सॉफ्टवेअर चोरून वापरू देऊ नये, त्याची गरजही नाही. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ विनामूल्य आहे आणि ‘रीपर’ हे मुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहून घरगुती उपयोगासाठी ६० डॉलरना विकत घेता येते. आपल्या घरांत विचारला जाणारा प्रश्नही येथे सांगतो: इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पोलाद व निकेलच्या असतात, आतड्याच्या नव्हेत. खांद्याचा पट्टा चामड्याऐवजी कापडी वा नायलॉनचा मिळतो. तारा ज्या पट्टीवरून जातात ती ‘नट’ काही गिटारांत हाडाची असते, म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारावे. प्लॅस्टिकची किंवा ग्रॅफाइटची सहज मिळते.

मुलाने आपल्या मुद्रणात गावातल्या तारपावादकाचा नाद घ्यायचे ठरवले, तर आधी परवानगी घ्यावी, ठरलेले मानधन द्यावे आणि त्यांचे नाव रचनेसोबत लिहावे. दुसऱ्याच्या मालाची किंमत चुकती करणे हा धंद्याचा पहिला धडा येथेही लागू आहे.

ज्या पालकांना हे संगीत रुचत नाही, त्यांनी ते रुचवून घ्यावे असे माझे म्हणणे नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटे बसून मागच्या महिन्याचे आणि या महिन्याचे मुद्रण ऐकावे आणि एवढेच विचारावे: यात तू काय कमी केलेस? उत्तर देता येणारे मूल शिस्त शिकत आहे, असे खुशाल समजावे. उत्तरादाखल नवे उपकरण मागणाऱ्या मुलाला मात्र वही आणून द्यावी.

आपले अनुभव मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावेत. पुढील अंकात हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंचे खरे व्याज कसे काढावे, ते पाहू.